कान पुढे, हात मागे: पन्नाशीजवळ बासरी हाती घेतलेल्या एका डॉक्टरांचं प्रकरण

या प्रकरणातल्या विद्यार्थिनी दंतवैद्य आहेत. शिकायला आल्या तेव्हा वय 49, स्वतःचा दवाखाना, हाताशी पंचवीस वर्षांचा अनुभव. वाद्य मात्र याआधी एकही हाताळलेलं नव्हतं. मी त्यांना ‘डॉक्टर’ म्हणतो, त्या मला ‘सर’ म्हणतात. मी वयाने लहान आहे हे शिकवणीत कधी आड आलं नाही. त्यांच्या संमतीने हे लिहितो आहे आणि ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही.

मोठेपणी वाद्य शिकायला येणाऱ्यांतले बरेच जण पहिल्या वर्षातच गळतात आणि जाताना सगळे एकच कारण सांगतात: आता वय झालं, बोटं वळत नाहीत. डॉक्टरही त्या वळणावर येऊन ठेपल्या होत्या. त्यांची बोटं वळत नव्हती हे खरं होतं. पण ती का वळत नाहीत याचा शोध घेत गेल्यावर वयाच्या माथी मारण्यासारखं फारच थोडं उरलं. सगळ्यात जास्त अडथळा करत होती ती त्यांची सर्वांत जमेची बाजू, म्हणजे त्यांचा कान. मोठ्या माणसांना शिकवताना मला हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे, आणि या प्रकरणात ते इतकं स्वच्छ दिसलं की सविस्तर मांडावंसं वाटलं.

आल्या तेव्हाची स्थिती

डॉक्टर तीसेक वर्षं शास्त्रीय संगीत मनापासून ऐकत आल्या आहेत. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच, तरी राग वेगळे. त्यांच्यातला फरक त्या दोन आलापांत सांगतात. तानपुऱ्यासोबत गुणगुणायला सांगितलं तर सूर चोख लागतो. नवशिक्याकडे एवढी तयारी असणं हे भाग्यच.

येताना त्या बासरी घेऊनच आल्या होत्या. पांढरी तीनची (म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची), पाऊण मीटरच्या आसपास लांबीची, मैफलीत दिसते तशी. पन्नालाल घोष (1911–1960) यांनी ही लांब, भारदस्त आवाजाची बासरी ख्यालाच्या मैफलीत आणून बसवली, आणि बासरी म्हटलं की डॉक्टरांच्या मनात तोच आवाज होता. मात्र या बासरीवर भोकांमधलं अंतर मोठं असतं. खालच्या हाताची अनामिका सहाव्या भोकापर्यंत ताणावी लागते. डॉक्टरांचे हात लहान आहेत. मी मधल्या लांबीची, पांढरी पाचची बासरी सुचवली. त्यांना ते पटलं नाही. “आवाज हाच हवा आहे, सर. त्यासाठीच तर आले.” पहिल्या टप्प्यात मी आग्रह धरला नाही. ज्या आवाजाच्या ओढीने माणूस पन्नाशीजवळ शिकायला येतो, तो पहिल्याच दिवशी हातातून काढून घेणं मला योग्य वाटत नाही.

आता हातांविषयी. दंतवैद्याचा हात म्हणजे अतिशय तयार हात. मिलिमीटरच्या अंशात काम करणारा. पहिल्या तासाला त्या म्हणाल्या होत्या, “हाताची काळजी करू नका, सर, हात माझे स्थिर आहेत.” स्थिर होतेच, आणि अडचण तिथेच सुरू झाली. दातांवर काम करताना अवजार अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्या टोकांनी धरतात आणि अनामिका शेजारच्या दातावर टेकवून हाताला आधार देतात. म्हणजे पंचवीस वर्षं त्या अनामिकेने एकच काम केलं: टेकून, दाबून, न हलता राहणं. बासरीला नेमकं उलटं हवं. बोटाच्या टोकाऐवजी पेराचा मांसल, सपाट भाग भोकावर ठेवायचा, दाब अगदी हलका आणि उचलणं चटकन. एका कामात तरबेज झालेला हात दुसऱ्या कामात आपोआप तरबेज होत नाही. उलट जुनी सवय जितकी पक्की तितकी ती जास्त आड येते. मुलांना शिकवताना हा प्रश्न येत नाही, कारण त्यांच्या हाताला अजून कुठलीच सवय लागलेली नसते.

पहिले काही महिने

फुंकर त्यांना लवकर सापडली. ओठांच्या फटीतून निघालेला हवेचा पातळ झोत मुखरंध्राच्या समोरच्या कडेवर आपटतो, क्षणात आत, क्षणात बाहेर असा झुलतो आणि बासरीतली हवा कंप पावू लागते. झोताचा कोन जरासा चुकला की आवाजाऐवजी नुसती हवा. बऱ्याच जणांचे या टप्प्यावर आठवडे जातात. डॉक्टरांचा सूर दुसऱ्याच तासाला बोलू लागला, कारण हवा आणि सूर यांच्या मिश्रणातला सूर वाढतोय की घटतोय हे त्यांचा कान लगेच सांगत होता. इथे कानाने खरोखर मदत केली.

सुरुवातीला त्यांना गरगरायचं. हेही नेहमीचंच. नवशिका गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा सोडतो आणि तितक्याच घाईने ओढतो; रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि डोकं हलकं होतं. अशा वेळी बासरी खाली ठेवायची, दोन मिनिटं साधा श्वास घ्यायचा. डॉक्टर असल्यामुळे त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

सा, रे, ग व्यवस्थित लागू लागल्यावर भूप घेतला. मी बासरीवर बहुधा भूपानेच सुरुवात करतो. त्यात मध्यम (म) आणि निषाद (नी) नाहीत आणि उरलेल्या पाच स्वरांना अर्धं भोक झाकायची कधीच गरज पडत नाही. बोट एकतर पूर्ण ठेवायचं किंवा पूर्ण उचलायचं. रागही त्यांच्या आवडीचा. आणि भूपातच गाडी अडली.

पंचम

अडचण समजण्यासाठी बोटांचा हिशेब पाहावा लागेल. हिंदुस्थानी पद्धतीच्या बासरीवर वरची तीन भोकं झाकली की षड्ज (सा). दोन झाकली की रिषभ (रे). एकच झाकलं की गंधार (ग). सगळी मोकळी सोडली की तीव्र मध्यम (चढा म). त्यापुढचा पंचम (प) घ्यायचा तर सहाच्या सहा भोकं झाकावी लागतात आणि फुंकर बारीक, वेगवान करून सूर वरच्या सप्तकात उचलावा लागतो. म्हणजे गंधारावरून पंचमावर जाताना एका बोटावरून एकदम सहा बोटं, आणि त्याच क्षणी फुंकरीतही बदल. गळ्यातून गाताना ग–प हा एक सहज उचललेला सूर असतो. बासरीवर तो नवशिक्याच्या वाटेतला पहिला मोठा घाट आहे. आणि भूपाची तर ही जानच. ग–प संगती टाळून भूप वाजवताच येत नाही.

डॉक्टरांचा पंचम एक तर फाटायचा, नाही तर उशिरा यायचा, नाही तर यायचाच नाही. त्यांचं निदान ठरलेलं होतं: श्वास पुरत नाही, फुफ्फुसं आता तरुण राहिली नाहीत. म्हणून त्या जोर वाढवत गेल्या. जोराने पंचम कधी लागायचा, पण चढा लागायचा, आणि चढा लागला की त्यांना तो सहन व्हायचा नाही. मग ओठ सरकवून तो उतरवायचा प्रयत्न, त्यात फुंकरीचा कोन बिघडला की पुन्हा नुसती हवा. दोन महिने हे चाललं. एका तासाला त्यांनी बासरी मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, “सर, खरं सांगा. हे या वयात होतं का?”

मी म्हटलं, आज वरचा पंचम वाजवूच नका. खाली चला.

मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात काही झाकून राहत नाही. सा वरून खाली येताना एकेक बोट वाढत जातं: निषादाला चार, धैवताला पाच, मंद्र पंचमाला सहाही. फुंकर मात्र अगदी मऊ लागते, त्यामुळे जोर करून दोष लपवता येत नाही. त्यांचा मंद्र निषाद गोल आला, धैवत जरा कातरला, आणि पंचम उमटलाच नाही. म्हणजे हवा कुठेतरी गळत होती. मी त्यांना बोटं बासरीवर नेहमीसारखी ठेवून हात उलटे करून दाखवायला सांगितलं. बोट भोकावर थोडा वेळ टेकलं की पेरावर भोकाचा ठसा उमटतो. पाच बोटांवर पूर्ण वर्तुळं होती. खालच्या हाताच्या अनामिकेवर वर्तुळाऐवजी चंद्रकोर. सहाव्या भोकाची एक कड सतत उघडी राहत होती.

सा, रे आणि ग या स्वरांना खालची भोकं मोकळीच असतात, म्हणून इतके दिवस ही गळती ऐकूच आली नव्हती. श्वास आणि फुफ्फुसांचा यात काही संबंध नव्हता.

ती चंद्रकोर पाहून डॉक्टर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे तर मला दिसायला हवं होतं.” पण वाजवणाऱ्याला आपली बोटं दिसत नाहीत, बासरी बाजूला असते. शिक्षक समोर हवा तो याचसाठी. ध्वनिचित्रफिती पाहून एकट्याने शिकणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की महिन्यातून एकदा तरी कुणा जाणत्याला प्रत्यक्ष हात दाखवावा.

अनामिकेची बाजू थोडी मांडायला हवी. माणसाच्या हातात तिच्या वाट्याला स्वातंत्र्य कमी आलं आहे. बोटं उचलणाऱ्या कंडरा (स्नायूंच्या दोऱ्या) हाताच्या पाठीवर एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात आणि अनामिका तिच्या शेजारणींशी सर्वांत जास्त बांधलेली असते. त्यामुळे ती एकटी हलवणं विशीतही कठीण आणि पन्नाशीतही कठीण. त्यात डॉक्टरांची जुनी सवय, लहान हात आणि लांब बासरी. आता त्यांनी स्वतःच पांढरी पाचची बासरी मागितली. लांब बासरी कपाटात ठेवली, दिली नाही. ते बरं केलं.

बोटं बसली, तरी वादन बसेना

गळती थांबली आणि सुटा पंचम लागू लागला. आता पुढची वाट मोकळी, असं दोघांनाही वाटलं. पण बंदिशीत, म्हणजे तालात बांधलेल्या रचनेत, ग–प आलं की पुन्हा तेच. तासाला माझ्यासमोर चार वेळा नीट, पाचव्यांदा अडखळायचं. मी त्यांना घरचा रियाझ फोनवर रेकॉर्ड करून आणायला सांगितलं. सगळा रियाझ, निवडक भाग नको.

ते ऐकल्यावर खरी गाठ सापडली. पाऊण तासाच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये बंदिशीचं एकही आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) सलग वाजलेलं नव्हतं. गंधार, पंचम, थांब. पुन्हा गंधार, पंचम, थांब. जरा चढा लागला, थांब. फुंकरीत खर आली, थांब. चूक इतकी बारीक असायची की समोर बसलेल्या दहा जणांतल्या नऊ जणांना ती कळलीही नसती. त्यांना कळत होती, आणि कळली की पुढे जाणं त्यांना अशक्य होत होतं.

हात करतो तेच शिकतो. मनात ‘ग–प’ घोटत असलात तरी हाताने ‘ग–प–थांब’ केलं, तर हातात मुरतं ते ‘ग–प–थांब’. डॉक्टरांनी कित्येक आठवडे थांबण्याचा रियाझ केला होता, आणि मेहनती असल्यामुळे पुष्कळ केला होता. म्हणून बंदिशीत पंचम नीट लागला तरी हात तिथे अडायचा. त्याच्या दृष्टीने ओळ तिथेच संपत होती.

प्रौढ शिकणाऱ्याची ही सर्वांत मोठी अडचण आहे असं माझं मत झालं आहे. लहान मुलाचा कान आणि हात साधारण एकत्र वाढतात. आठ वर्षांच्या मुलाला आपला पंचम फाटलाय हे फारसं बोचत नाही. तो तसाच पुढे जातो, पुन्हा वाजवतो, आणि बोचायला लागेपर्यंत हात बराच सुधारलेला असतो. मोठं माणूस तीस वर्षं उत्तमोत्तम ऐकून आलेलं असतं. पहिल्या दिवसापासून त्याचा कान मैफलीच्या मापाने मोजतो आणि हात अजून बाराखडीवर असतो. हे अंतर रोज ऐकू येतं, आणि ऐकू येणारं हे अंतर माणूस ‘माझ्यात नाहीच’ याचा पुरावा म्हणून घेतो. खरं तर पुढे कुठे जायचं आहे हे त्याला आधीच माहीत असल्याची ती खूण आहे.

वयाचा प्रश्न

डॉक्टर वाचणाऱ्या आहेत. एकदा त्या हिशेब करून आल्या. प्रावीण्यासाठी 10,000 तास लागतात असं म्हणतात. रोज चाळीस मिनिटं धरली तर एकेचाळीस वर्षं. “म्हणजे नव्वदीत भूप,” त्या म्हणाल्या. हसत म्हणाल्या खऱ्या, पण तो आकडा त्यांच्या मनाला लागला होता.

त्या आकड्याचं मूळ 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात आहे. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांना त्यांनी आजवरच्या रियाझाचा अंदाज विचारला. सर्वांत पुढच्या गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी 10,000 तासांच्या वर निघाली. ती एका गटाची सरासरी होती, आणि गट होता पुढे व्यावसायिक वादक होऊ पाहणाऱ्यांचा. भूपाची मध्यलयीतली बंदिश सुरात वाजवायला किती तास लागतात, हा त्या अभ्यासाचा प्रश्नच नव्हता. एरिक्सन यांचा भर होता तो रियाझ कसा केला यावर: नेमकी उणीव हेरून, लक्ष देऊन, सुधारणा तपासत केलेल्या रियाझावर.

लवकर सुरुवात केल्याचा फायदा खोटा आहे असं मी कुणाला सांगत नाही. 1995 साली थॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूची पाहणी केली. डाव्या हाताच्या बोटांना मेंदूत मिळणारी जागा त्यांच्यात जास्त आढळली, आणि लहानपणी सुरुवात केलेल्यांत हा फरक अधिक होता. कुठल्याही संदर्भाशिवाय ऐकताक्षणी स्वर ओळखण्याची क्षमताही बहुतेक लहानपणीच रुजते. पण आपल्या संगीताला त्या क्षमतेची गरज नाही. आपला षड्ज आपण ठरवतो आणि बाकी सगळं त्याच्या नात्याने ऐकतो. ते नातं ओळखायला कोणत्याही वयात शिकता येतं, आणि डॉक्टरांना तर ते आधीच येत होतं. उरला हात. हात मोठ्या वयात हळू शिकतो, पण शिकतो.

काय बदललं

मी त्यांना सांगितलं की पुढचे काही आठवडे कानाला नेहमीचं काम द्यायचं नाही. वाजवताना चुकलं तरी थांबायचं नाही. तानपुरा लावायचा, तीनतालाचा ठेका अगदी संथ ठेवायचा आणि स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) चार आवर्तनं सलग वाजवायची. पंचम फाटला तर फाटका पंचम मागे टाकून पुढच्या मात्रेवर हजर व्हायचं. रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, पण त्या दिवशी ऐकायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकायचं आणि एकाच गोष्टीसाठी ऐकायचं: पंचम मात्रेवर सुरू झाला की नंतर. सूर, खर, गोडवा, काही नोंदवायचं नाही.

यावर आमचा चांगलाच वाद झाला.

“चुकलेला स्वर ऐकून पुढे कसं जायचं, सर? चूक दिसली की तिथल्या तिथे दुरुस्त करायची, हेच मी आयुष्यभर केलं.”

“तुमच्याकडे दात थांबलेला असतो, डॉक्टर. तालाची सम, पहिली मात्रा, थांबत नाही.”

“म्हणजे चूक पक्की होऊ द्यायची?”

“आत्ता तुमचं थांबणं पक्कं होतंय.”

हे त्यांना लगेच पटलं नाही. पहिल्या आठवड्यातली रेकॉर्डिंग्ज त्यांनी मला नाराजीनेच पाठवली. पण त्यांनी नियम मोडला नाही, आणि प्रौढ विद्यार्थ्याची मोठी ताकद ही असते. मुलाला गोडीगुलाबीने रियाझाला बसवावं लागतं; मोठ्या माणसाला कारण समजलं की तो न आवडणारी गोष्टही नेटाने करतो.

ग–प चं काम आम्ही सुटं करून घेतलं. आधी फुंकर: सहाही भोकं झाकून मंद्र पंचम, मग बोटं न हलवता फक्त ओठांची फट बारीक करून मधला पंचम, पुन्हा खाली. यात बोटांचा प्रश्नच नसतो, त्यामुळे फुंकर काय करते ते स्वच्छ कळतं. मग बोटं: फुंकर मुळीच नको, गंधाराच्या स्थितीतून पाच बोटं एकदम खाली. न फुंकता बोटं चटकन पडली तरी पोकळ बासरीतून एक बारीक ‘टप’ उमटतो. पाचही एकत्र पडली तर एकच टप. मागेपुढे पडली तर तो विस्कटतो. इथे मी त्यांचा कान पुन्हा कामाला लावला. विस्कटलेला आणि एकसंध टप यातला फरक त्यांना पहिल्या झटक्यात कळला, आणि जे दोन महिने फुंकून जमलं नव्हतं ते बोटांचं एकत्र पडणं आठ-दहा दिवसांत मार्गी लागलं. कान तोच होता, तितकाच चोखंदळ. फरक इतकाच की आता तो हाताला आवाक्यातली गोष्ट सांगत होता.

वेळेची मांडणीही बदलली. आधी त्या कामाच्या दिवशी जमेल तसं आणि सुट्टीच्या दिवशी दीड-दोन तास वाजवायच्या. शेवटच्या अर्ध्या तासात ओठ थकलेले, खांदे वर गेलेले, आणि त्या थकव्यातच सर्वांत जास्त चुका घोटल्या जायच्या. त्याऐवजी रोज सकाळी वीस आणि रात्री वीस मिनिटं ठरवली. बोटांच्या हालचालींचे क्रम झोपेत पक्के होतात हे प्रयोगांनी दाखवलं आहे. 2002 साली मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबायला शिकलेल्या लोकांचा वेग मध्ये काहीही सराव न करता एका रात्रीच्या झोपेनंतर सुमारे 20 टक्क्यांनी वाढला होता. रात्री रियाझ करून झोपायचं आणि सकाळी तोच तुकडा आधी घ्यायचा, हा क्रम डॉक्टरांना फार मानवला. “रात्री जे येत नव्हतं ते सकाळी आलेलं असतं,” असं त्यांनी मला आनंदाने फोन करून सांगितलं होतं.

मधला खंड

सगळं सुरळीत चाललं असताना मानेने दगा दिला. दंतवैद्यांमध्ये मान आणि पाठीची दुखणी मुळातच जास्त. दिवसभर वाकून, मान एका बाजूला वळवून काम. वर बासरीसाठी पुन्हा दोन्ही हात उचललेले आणि मान वळलेली. फिजिओथेरपिस्टने दीडेक महिना बासरी बंद ठेवायला सांगितली.

त्या काळात हात पूर्ण मोकळा ठेवून त्यांनी आधीच्या रेकॉर्डिंगच्या जोडीने स्वर म्हटले, ताल दिला. परत आल्या तेव्हा काय टिकलं आणि काय गेलं हे पाहण्यासारखं होतं. बोटांना ग–प जसंच्या तसं आठवत होतं. ओठ मात्र दमलेले. पाच मिनिटांत फट सैल व्हायची आणि सुरात हवा मिसळायची. ओठांभोवतीच्या स्नायूंची ताकद खंडात लवकर उतरते. तीही रोज थोडं थोडं वाजवून तीनेक आठवड्यांत परत आली. लांबलचक खंडानंतर ‘सगळं विसरले’ असं जे वाटतं ते अनेकदा फक्त ओठांचं असतं.

बैठक आम्ही बदलली. त्या मान पुढे नेऊन ओठ बासरीपर्यंत पोहोचवत होत्या. आता आधी सरळ बसायचं, नजर समोर, आणि मग बासरी ओठांपाशी आणायची. धड थोडं वळवलं की मान वळवावी लागत नाही. दहा मिनिटं झाली की बासरी खाली, खांदे सैल. दुखणं आटोक्यात आहे, गेलेलं नाही. त्यांच्या व्यवसायात ते पूर्ण जाईल असं मला वाटत नाही, आणि रियाझाची वेळ त्या मर्यादेत बसवावी लागते.

आजची स्थिती

आज दोन वर्षं होत आली. भूपाचा छोटा आलाप आणि मध्यलय तीनतालातली बंदिश डॉक्टर तबल्याबरोबर न थांबता वाजवतात. पंचम मात्रेवर येतो. तो दर वेळी निर्मळ असतो असं नाही, पण फाटला तरी पुढची जागा चुकत नाही, आणि माझ्या दृष्टीने ही प्रगती पंचमापेक्षा मोठी आहे. यमन सुरू झाला आहे. त्यात तीव्र मध्यमाला सगळी बोटं उचलली की बासरी नुसती अंगठ्यांवर, करंगळीवर आणि ओठांवर तोलावी लागते आणि ती डुगडुगते. सध्या काम त्यावर आहे.

जलद ताना येत नाहीत. दुगुनीत (दुप्पट लयीत) अनामिका मागे राहते आणि ती कितपत साथ देईल याची मला शंका आहे. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. संथ आणि मध्य लयीत मात्र त्यांच्या वाजवण्यात एक गोष्ट आहे जी माझ्या तरुण विद्यार्थ्यांकडे नाही: त्या स्वरावर थांबतात तेव्हा रागाच्या जाणिवेने थांबतात. गंधारावर किती राहायचं, धैवताला कुठे नुसतं चाटून जायचं, हे त्यांना सांगावं लागत नाही. तीस वर्षांच्या श्रवणाचं फळ आता हातातून बाहेर येऊ लागलं आहे.

सध्या मतभेद भीमपलासावर आहे. तो त्यांचा सर्वांत आवडता राग, आणि त्यांना तो आत्ताच हवा आहे. त्यात कोमल गंधाराला दुसरं भोक अर्धं, शुद्ध मध्यमाला पहिलं अर्धं आणि कोमल निषादाला पाचवं अर्धं झाकावं लागतं. अर्ध्या भोकावर बोट केसभर सरकलं तरी स्वर ढळतो, आणि त्यांच्या कानाला ते लगेच टोचणार. यमनातला मध्यम स्थिर झाल्याशिवाय नको, असं माझं म्हणणं. शेवटी असं ठरलं आहे की रोजच्या रियाझातली शेवटची पाच मिनिटं भीमपलासाच्या ‘ग म’ ला, फक्त त्या दोन स्वरांना, आणि तेही रेकॉर्डिंग न करता. कपाटातली पांढरी तीनची बासरी त्यांनी परवा पुन्हा हातात घेतली होती. सहावं भोक आता पूर्ण झाकलं जातं, पण खालचा हात दोन मिनिटांत भरून येतो, म्हणून ती अजून काही महिने तशीच राहील.